ओर्झा बोलत नाही

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात वेशभूषा स्पर्धेला मोठ्यांसाठी खुला गट असावा, ही सूचना दयारामची. सूचना मांडताना तो उभा राहिला होता आणि अध्यक्षांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं होतं, एवढ्यावरच तो आठवडाभर खूश होता. तोवर स्पर्धा फक्त लहान मुलांची असायची. दरवर्षी पाच शिवाजी महाराज, तीन जिजाबाई, एक भाजीवाली आणि ऐनवेळी रडू फुटलेला एक बाळकृष्ण, असा ठरलेला कार्यक्रम होता आणि त्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती.

दयाराम रायपूरजवळच्या पोलाद प्लांटच्या सुरक्षा विभागात हेडक्लार्क. सुरक्षा म्हणजे बंदूकवाली नव्हे, हेल्मेटवाली. कुठल्या वर्कशॉपमध्ये कोणाचं बोट दबलं, कोण बेल्ट न लावता वर चढला, याचे कागद त्याच्या टेबलावरून जात आणि सुरक्षा सप्ताहात भिंतींवर रंगवायची घोषवाक्यं त्याच्या पेनातून निघत. मंडळात तो नऊ वर्षं सहसचिव होता. सहसचिवाचं काम मंडळाच्या घटनेत लिहिलेलं नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक असतं. खुर्च्या आणणे, खुर्च्या परत करणे आणि मधल्या वेळात 'हॅलो, हॅलो' म्हणून माईक तपासणे. सचिव मात्र अधिकारीच असायचा. सचिव निघायचा नेहरू नगरच्या बंगल्यांतून आणि सहसचिव सेक्टरच्या क्वार्टरांतून. हे इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं की त्याचा नियम करायची कोणाला गरजच वाटली नव्हती.

यंदा मात्र सचिव विसर्जनानंतर मुलाकडे पुण्याला कायमचे जाणार होते. अध्यक्ष शामसुंदर साहेब एकदा जिना उतरता उतरता म्हणून गेले होते, "दयाराम, या वेळी तुमचा विचार करायला हरकत नाही." हे वाक्य दयारामने घरी इतक्यांदा सांगितलं की त्याने 'दयाराम' म्हटलं की पुढचं वाक्य त्याची बायको कलावती पोळ्या लाटता लाटता पुरं करायची.

तर खुला गट मंजूर झाला, पण एका अटीवर. पाच नावं आली तरच गट होईल, नाहीतर रद्द. दयारामने सेक्टर दोनपासून बोरसीपर्यंत फोन केले आणि चार नावं जमवली. एक वासुदेव, एक पोस्टमन आणि दोन भारतमाता. दोघींना तू तरी दुसरं काही हो, असं सांगून पाहिलं, पण दोघींचे मुकुट तयार होते. पाचवं नाव काही केल्या मिळेना. शेवटच्या दिवशी ऑफिसातून येऊन तो सायकल लावत होता तेव्हा खिडकीतून त्याला मशीनचा आवाज आला आणि एकदम आठवलं की आपली अनुजा चार महिन्यांपासून काहीतरी शिवते आहे.

अनुजा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. ती खोलीत जमिनीवर बसली होती. भोवती लेसची रिळं, काळं पॉपलीन, लेहेंग्याच्या आत लावतात ती कडक कॅनकॅनची जाळी आणि फोमच्या शीटचे कापलेले तुकडे.

"अनुजा, तुह्या ह्या फॅन्सी ड्रेसचं मंडळात नाव देतो मी," दयाराम म्हणाला.

"बाबा, हे फॅन्सी ड्रेस नोहे."

"मंग का हाय?"

तिने हातातली ग्लू गन खाली ठेवली. चार महिन्यांत घरातल्या माणसाने पहिल्यांदा विचारलं होतं, म्हणून तिने नीट सांगितलं. जपानमध्ये मुलींची एक कपड्यांची तऱ्हा आहे, लोलिता फॅशन म्हणतात. गुडघ्यापर्यंत घंटेसारखा फुललेला घागरा, बंद गळा, लेस, खाली लांब मोजे, डोक्याला झालरीची पट्टी. कोणाला दाखवायला नाही, आपल्याला आवडतं म्हणून घालायचं. आणि ओर्झा ही एका व्हिडिओ गेममधली. जळून गेलेलं एक शहर आहे, त्याच्या मोठ्या भट्टीच्या दारावर ही एकटी पहारा देत उभी असते. अर्ध्या तोंडावर मुखवटा, त्यातून दिसणारा एकच डोळा, हातात कंदील. शहरात बोलायला कोणी उरलेलंच नाही, म्हणून अख्ख्या गेममध्ये ती एक शब्द बोलत नाही.

"मंग हे दोन्ही एकत्र कावून?"

"मले दोन्ही आवडते म्हून. गेमवाले म्हणतात ओर्झाले झालर नसते. लोलितावाल्या म्हणतात आमच्यात चिलखत नसते. म्हून तर मीच करून राहिली. डिसेंबरात रायपूरले अशा पोरींचा एक मेळा हाय, तिथं घालणार हाय."

दयारामला यातलं निम्मं कळलं नाही, पण फोमचं ते चिलखत त्याने हातात घेऊन पाहिलं. काळ्या रंगावर चंदेरी हलकासा घासून लोखंडासारखं दिसेल असं केलं होतं आणि प्रत्येक पत्र्याच्या कडेला बारीक चुण्यांची लेस. एवढं नेटकं काम आपल्या मुलीला येतं हे त्याला माहीत नव्हतं. मग त्याने खुल्या गटाची, पाचव्या नावाची आणि सचिवपदाची सगळी कथा तिच्यापुढे मांडली. मुलीला विनवताना बापाने जेवढं केविलवाणं दिसावं त्याहून थोडं जास्तच तो दिसला असावा, कारण ती हसली.

"देता नाव तर द्या. पण जसं हाय तसं, बाबा. काई लावाचं नाई, काई काढाचं नाई. आन मी बोलणार नाई. ओर्झा बोलत नाई."

"माहा शब्द हाय," दयाराम म्हणाला.

कलावती दारात उभी होती. "अजी, तुमी शब्द देऊन राहिले, पण मंडळाले विचारलं का?"

मंडळाला विचारायचं म्हणजे फॉर्म भरायचा. फॉर्मवर तीन चौकोन होते: पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक. 'इतर' हा चौकोन नव्हता, आणि वाईट याचं की फॉर्म दयारामनेच तयार केला होता. त्याने हाताने चौथा चौकोन आखला, त्यापुढे 'इतर' लिहिलं आणि त्यावर खूण केली. स्वतःच्या फॉर्मशी अशी गैरशिस्त करताना त्याला बरं वाटलं नाही. मग तो अध्यक्षांच्या सहीसाठी नेहरू नगरला गेला.

शामसुंदर साहेबांच्या दिवाणखान्यात मनकर्णाबाई चहा घेत बसल्या होत्या. त्या महिला विभागाच्या प्रमुख आणि यंदाच्या परीक्षक. साहेबांनी फॉर्म वाचला.

"ओर्झा. ही कोणत्या ग्रंथातली?"

"साहेब, गेममधली. व्हिडिओ गेम."

साहेबांनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि फॉर्मवर चष्मा ठेवला. "दयाराम, हा गणपतीचा मंच आहे."

दयारामने घाईघाईने मोबाईलवर तसल्या एका जपानी पोशाखाचा फोटो दाखवला. साहेब म्हणाले, ही तर इंग्रजांची राणी दिसते, आणि ज्या उत्सवाने इंग्रजांना हादरवलं त्यात इंग्रज राणी आणायची म्हणजे कमाल झाली. मनकर्णाबाईंनी फोटो मोठा करून फक्त गुडघ्याचा भाग पाहिला. आत मोजे आहेत, असं दयारामने सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मोजे पायात असतात हो, लोकांच्या डोळ्यांवर नसतात."

इथे दयारामने फॉर्म उचलून घरी यायला हवं होतं. चार नावं, गट रद्द, झालं. पण डोळ्यांपुढे तो जिना होता, ते वाक्य होतं, आणि नऊ वर्षं उचललेल्या खुर्च्या होत्या. शिवाय घोषवाक्यं लिहिणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते, कोणतीही गोष्ट दोन ओळींत बसवता येते असं त्याला वाटतं.

"साहेब, ही सामाजिकमध्ये बसते," तो म्हणाला. "भट्टीच्या दारावरची पहारेकरीण आहे ती. औद्योगिक सुरक्षेचा विषय आहे."

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "असं आधी सांगायचं ना. आपले प्रमुख पाहुणे यंदा सेफ्टीचेच जीएम आहेत. तुमचेच साहेब."

दयाराम कसाबसा हसला. साहेबांनी 'इतर'वर काट मारली, 'सामाजिक'वर खूण केली आणि सही केली. सामाजिक म्हटलं की संदेश आला, संदेश मराठीत हवा. चेहरा दिसायला हवा. गुडघ्याचं मनकर्णाबाई म्हणतात तसं करा. आणि सुरक्षेचा विषय आहे तर डोक्यावर हेल्मेट नको का, जीएम काय म्हणतील? दयाराम प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेला आणि बाहेर येऊन सायकलवर बसला तेव्हा त्याला वाटलं की आपण मुलीचं नाव वाचवलं.

घरी त्याने या अटी एकदम सांगितल्या नाहीत. रोज एक सांगायचा, तीही जेवताना, कारण तोंडात घास असताना कोणी फार बोलत नाही. पहिल्या दिवशी मुखवट्याचं निघालं. अनुजा म्हणाली, "मास्क काढला तर ती ओर्झाच नाई, बाबा." दुसऱ्या दिवशी गुडघ्याचं. त्यावर खालच्या मजल्यावरच्या ठकूबाई मदतीला धावल्या. कॅनकॅनवर ठेवलेला घागरा त्यांनी फिरून फिरून पाहिला, दुधावर झाकतो त्या जाळीसारखा आहे म्हणाल्या आणि तोडगा दिला.

"खालून पांढरी लेगीन घाल माय, आन वरतून एक ओढणी घे. थोडा जरीचा गोटा लावला का कसं भरल्यासारखं दिसते."

तिसऱ्या दिवशी कंदील अडला. कंदिलात दोन पेन्सिल सेलवर जळणारा एवढासा दिवा होता, पण मंडपात कोणतंही विजेचं साधन न्यायचं तर लेखी परवानगी लागते. हाही नियम मागच्या वर्षी दयारामनेच घातला होता. त्याने रीतसर अर्ज लिहिला. साधनाचा प्रकार: कंदील. संभाव्य धोका: नाही. त्यावर मंडपवाल्याची सही, लाईटवाल्याची सही आणि सहसचिवाची सही हवी होती. पहिल्या दोघांना गाठायला दोन दिवस गेले. तिसरी सही त्याची स्वतःची, पण तीही त्याने अर्ज पूर्ण वाचूनच केली.

अनुजा भांडली असती तर बरं झालं असतं. तिने नवी लेगीन आणली, ती घडी न मोडता कपड्यांवर ठेवली आणि एवढंच विचारलं, "बाबा, अजून काई?"

"नाई," दयाराम म्हणाला. संदेशाचं आणि हेल्मेटचं त्याने सांगितलं नव्हतं. ते आयत्या वेळी पाहू, गर्दीत पोरगी नाही म्हणणार नाही, असा त्याचा हिशेब होता, आणि हा हिशेब घाणेरडा आहे हे त्याला तेव्हाही कळत होतं. संध्याकाळी कलावतीला त्याच्या ऑफिसच्या पिशवीत पिवळं हेल्मेट सापडलं.

"हे का हाय?"

"सुरक्षा."

"कोणाची?" असं विचारून तिने पिशवीची चेन लावली आणि ती कपडे वाळत घालायला गेली.

स्पर्धेच्या संध्याकाळी मंडप भरला होता. पुढच्या रांगेत सोफ्यावर जीएम साहेब, शेजारी शामसुंदर साहेब, बाजूला वही-पेन घेऊन मनकर्णाबाई. खुल्या गटाचं निवेदन दयारामकडे होतं. वासुदेव आला, त्याच्या मोरपिसांच्या टोपीत वायर अडकली. पोस्टमन आला, त्याने चांगली पाच मिनिटं पत्र वाचून दाखवलं आणि खाली उतरायला तयार होईना. दोन्ही भारतमाता एकामागून एक आल्या आणि दोघींनीही पाणी वाचवायला सांगितलं. मग दयारामने कागद पाहून वाचलं, "औद्योगिक सुरक्षा, कुमारी अनुजा," आणि तो बाजूला झाला.

ती आली ती मुखवटा घालून. लेगीन नव्हती, ओढणी नव्हती. जसं होतं तसंच घालून आली होती. कंदील उंच धरून ती फार सावकाश चालली, दर पावलाला घागऱ्यावरचे ते लेस लावलेले फोमचे पत्रे एकमेकांना लागून हलके हलत होते. मागच्या खुर्च्यांवरून एक दहा-बारा वर्षांची मुलगी उभी राहून ओरडली, "अरे, ये तो ओर्झा है," आणि तिच्या आजूबाजूची चार-पाच पोरं खुर्च्यांवर चढली. अनुजा मंचाच्या मधोमध थांबली, तिने त्या पोरांकडे कंदील किंचित झुकवला आणि निश्चल उभी राहिली.

दयारामने आजवर हे सगळं तुकड्यातुकड्यांत, जमिनीवर पडलेलं पाहिलं होतं. अंगावर चढलेलं आज पहिल्यांदाच पाहत होता. ही माझी मुलगी, हे तिने एकटीने केलं, असं त्याला मंडपभर सांगावंसं वाटलं, आणि त्या अर्ध्या मिनिटात सचिवपद त्याच्या डोक्यात खरोखरच नव्हतं.

मग जीएम साहेबांनी घड्याळ पाहिलं. शामसुंदर साहेबांनी दयारामकडे पाहून भुवया उंचावल्या आणि आवाज न करता ओठांनी विचारलं, संदेश?

माईक दयारामच्या हातात होता. 'ही ओर्झा, ही बोलत नाही,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्याने तोंडही त्यासाठीच उघडलं. पण तीस वर्षांची नोकरी आणि नऊ वर्षांचं सहसचिवपद त्याच्याआधी बोललं.

"मी भट्टीची पहारेदार, ऐका माझा एक विचार. हेल्मेट घालून कामावर या, घरी वाट पाहे परिवार."

टाळ्या आल्या. टाळ्या आल्यावर माणसाला थांबता येत नाही. त्याने टेबलाखालच्या पिशवीतून हेल्मेट काढलं, मंचावर गेला आणि ते मुलीच्या डोक्यावर ठेवलं. झालरीच्या पट्टीवर लेसची फुलं होती, तिने एकेक करून शिवलेली, त्यामुळे हेल्मेट नीट बसेना. म्हणून त्याने ते दाबलं. जीएम साहेब उभे राहून टाळ्या वाजवू लागले तसा सगळा मंडप उठला. फोटोवाला पुढे आला, "सर, हाथ वैसे ही रखिए," म्हणाला. दयारामने हात तसाच ठेवला. अनुजाने हेल्मेट काढलं नाही, मान हलवली नाही, एक शब्द बोलली नाही. मुखवट्यातून तिचा एक डोळा फोटो होईपर्यंत बापाकडे पाहत होता.

पहिलं बक्षीस पोस्टमनला मिळालं. अनुजाला विशेष संदेश पुरस्कार म्हणून स्टीलचा डबा दिला, तो तिच्या वतीने दयारामने घेतला, कारण तोवर ती आईबरोबर घरी निघून गेली होती. विसर्जनानंतरच्या सभेत दयाराम बिनविरोध सचिव झाला. त्याच सभेत शामसुंदर साहेबांनी, कामाचा व्याप वाढला आहे म्हणून, सचिवाच्या वर महासचिव असं एक नवं पद निर्माण केलं आणि त्यावर आपल्या जावयाला बसवलं. सहसचिव कोणी व्हायला तयार नव्हतं, तेव्हा खुर्च्यांचं काम तात्पुरतं सचिवाकडेच राहिलं. विभागाच्या पत्रिकेत फोटो छापून आला, खाली दयारामचं नाव होतं आणि 'आपल्या कन्येसह' असं लिहिलं होतं. ऑफिसात लोकांनी त्याच्याकडून मिठाई खाल्ली.

हे सगळं नंतरचं; स्पर्धेच्या रात्री तो डबा घेऊन घरी पोचला. तो फार तयारी करून, माफीची दोन वाक्यं मनात जुळवून आला होता. अनुजाने पाण्याचा ग्लास आणून दिला आणि म्हणाली, "पापा, पानी."

थकली असेल, असं त्याला वाटलं. सेक्टरमधली सगळी पोरं गल्लीत, कॉलेजात हिंदीच बोलतात, अनुजाही बोलते. पण उंबऱ्याच्या आत आली की तिच्या तोंडी 'बाबा' आणि घरची बोली असायची, बोलायला लागल्यापासून त्यात कधी खंड पडला नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच. "पापा, आपका टिफिन." तिसऱ्या दिवशीही. राग नाही, आवाज चढवणं नाही, उलट आधी 'तुमी' म्हणायची तिथे आता अदबीने 'आप' म्हणायची. एकदा तो म्हणाला, "अनुजा, आपल्या भाषेत बोल ना माय, मले कसंतरीच होऊन राहिलं." ती म्हणाली, "जी, पापा." डिसेंबरात ती तो पोशाख घेऊन रायपूरला जाऊन आली, हे त्याला ठकूबाईंकडून समजलं.

फेब्रुवारीत मराठी दिनासाठी सचिवाने सभासदांना एक आवाहन लिहायचं ठरलं. दयारामने दोन संध्याकाळ बसून ते लिहिलं. आपण आपल्या मुलखापासून दूर आलो आहोत, बाहेर काहीही बोला, पण निदान घरात, आपल्या मुलांशी मराठीत बोला, असा मजकूर होता. लिहून झाल्यावर त्याने अनुजाला हाक मारली आणि कागद तिच्यापुढे धरला. तिने उभ्या उभ्या सगळा वाचला, एकही ओळ न सोडता.

"अच्छा लिखा है, पापा," ती म्हणाली आणि कागद परत देऊन स्वयंपाकघरात गेली.

आतून तिचा आवाज आला, "आई, तू बस वं जराशी, भात मी लावून राहिली ना." कलावती काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. दयारामने पेनचं टोपण काढलं आणि आवाहनाखाली सही केली.